अक्का उठेपर्यंत

माझ्या सासऱ्यांनी ताटात पाणी ओतलं की आमच्या घरचं जेवण संपायचं. त्यांचं एकट्याचं नव्हे, सगळ्यांचं. कुणाचा घास हातात असो, कुणी नुकतीच भाकरी मोडलेली असो. अन्नाचा कण वाया जायला नको म्हणून ते ताटातलं पाणी बोटानं फिरवून पिऊन टाकायचे आणि उठायचे. थोरलं माणूस उठल्यावर धाकट्यांनी मागं खात बसायचं नाही, ही त्या घरची मर्यादा. आणि सासऱ्यांची भूक चिमणीची. एक भाकरी, वाटीभर आमटी, बोटावर मावेल एवढी शेंगाचटणी, झालं. घरात माणसं चार, पण सगळ्यांच्या पोटाचं माप त्या एका पोटावरून ठरायचं.

गरिबी होती म्हणावं तर तसं काही नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता, दारात गाडी होती, कोठीत ज्वारीची पोती होती. जेवायचं टेबलही होतं, पण त्यावर टॉवेलचे नमुने आणि जुनी वर्तमानपत्रं बसलेली असायची, आम्ही खाली पाटावर. कंजूषपणा म्हणावा तर आमच्या लग्नात त्यांनी हात सैल सोडला होता. मी यावर पुष्कळ विचार केलेला आहे. रिकाम्या पोटी माणूस दुसरं करणार काय? माझं मत असं झालं की त्यांना स्वतःपेक्षा जास्त भूक कुणाला लागत असेल हे पटतच नव्हतं. "अर्ध्या पोटी उठणाऱ्याला डॉक्टर लागत नाही," हे वाक्य ते रोज, जेवण झाल्यावर, आमच्या अर्ध्या पोटांकडं बघत म्हणायचे.

सासूबाईंनी या अर्ध्या पोटाचं एक शास्त्रच करून ठेवलं होतं. त्या विचारायच्या जरूर. "वाढू का गं अजून?" पण विचारताना हातात झाकण असायचं आणि ते पातेल्यावर अर्धं ठेवलेलं असायचं. झाकणाकडं बघत कोण हो म्हणणार? आमच्याकडं, म्हणजे दुधनीजवळच्या आमच्या गावात, असं कुणी विचारत नाही. आमची आई भाकरी पाठीमागं लपवून आणते आणि तुम्ही बोलण्यात गुंग असताना ताटात टाकते. नको म्हणणाऱ्याला एक जास्त मिळते. मी शेतकऱ्याची पोरगी, तीन भाकरी सहज खाणारी, आणि हे मी लाजून सांगत नाही.

सुरुवातीला वाटलं, नवीन आहे, सवय होईल. मग भरभर खायला शिकले. घास नीट न चावता गिळायचा, पाणी प्यायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही, आणि एक डोळा सासऱ्यांच्या तांब्यावर. तरीही दुसरी भाकरी कधी पुरी झाली नाही. मी तेव्हा एका खासगी शाळेत शिकवायचे. माझ्या डब्यातल्या पोळीची घडी बघून शिक्षकांच्या खोलीतल्या बायका विचारायच्या, डाएट चाललंय का? मी हसून घ्यायचे. सासरची झाकली मूठ उघडायची नाही म्हणून हसायचे, आणि आत जळायचे.

नवरा मात्र कधी कुरकुर करायचा नाही. मला वाटायचं, बापावर गेलाय. एकदा त्याच्या शर्टाला तळणाचा वास आला आणि सगळं बाहेर पडलं. हा गडी कारखान्यावरून निघाला की रोज कामगारांबरोबर गाड्यावर भजी, पोहे, असेल ते हाणून मगच घरी यायचा. शाळेत असल्यापासून त्याची हीच पद्धत. मी चिडले तर मलाच म्हणाला, "तू पण शाळेतनं येताना काहीतरी खाऊन येत जा की. त्यात काय एवढं?" मी त्याला सांगितलं की मी लग्न करून घरात आले आहे, लॉजवर उतरलेली नाही. पुढं बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. माझ्या पोटाचा प्रश्न माझ्यापुरता होता. पण मग आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. लग्नानंतर पहिल्यांदाच लेकीच्या घरी येत होते. तुरीच्या डाळीचं गाठोडं आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी खांद्यावर मारून एसटीनं आले. दुपारी पानावर बसले. आप्पा सावकाश जेवणारे. एक घास खातात, एक गोष्ट सांगतात. पहिली भाकरी संपवून त्यांनी दुसरी मोडली आणि शेजारच्या म्हशीची काहीतरी गंमत सांगायला लागले. सासरे ऐकत होते, मान डोलवत होते, आणि मान डोलवता डोलवताच त्यांनी तांब्या उचलून ताटात पाणी ओतलं. पाणी पिऊन ते उठले. नवरा उठला. सासूबाईंनी आमटीवर झाकण ठेवलं.

आप्पांच्या हातात पाऊण भाकरी होती. ते तिच्याकडं बघत राहिले. टाकावी तर अन्नाचा अपमान, खात बसावं तर यजमान उठलेले. मग त्या माणसानं ती सगळी भाकरी घडी घालून एकदम तोंडात कोंबली. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि तशाच तोंडानं त्यांनी माझ्या सासूबाईंना हात जोडले. तोंडातून शब्द फुटत नव्हता. "लई जेवलो" असं काहीतरी म्हणायचं असावं. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या आप्पांचा आहार बेताचाच दिसतोय."

संध्याकाळी आईचा फोन आला. आप्पांनी चप्पल काढायच्या आधी भाकरी मागितली होती. "काय गं, तितं जेवाय न्हाय घातलं व्हय?" आईनं विचारलं. मी म्हटलं, घातलं की. फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्याला टेकून मी शपथ घेतली. याच घरात, याच पाटावर माझा बाप ढेकर देईपर्यंत जेवेल. आणि तो जेवत असताना सासरे समोर बसून राहतील, भरलेल्या ताटावर. यातलं दुसरं मला पहिल्याइतकंच हवं होतं, हे कबूल करायला माझी हरकत नाही.

पण करायचं कसं? आधी मी जास्त भाकरी थापून बघितल्या. सासरे त्यांच्या वेळी उठले आणि भाकरी टोपलीत तशाच राहिल्या. सासूबाईंनी त्या सकाळी दारावरच्या गाईला घातल्या आणि मला अन्नाची किंमत समजावून सांगितली. नवऱ्याला म्हटलं, बोला वडिलांशी. त्यानं बोलतो म्हटलं आणि तो गाड्यावर गेला. मधे आप्पा दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा एका भाकरीवरच उठले. हळूहळू माझ्या लक्षात आलं की दुखणं कमी स्वयंपाकाचं नाही, उठण्याचं आहे. थोरला उठला की पंगत उठते. मग सासऱ्यांपेक्षा थोरलं माणूस पंगतीला आणून बसवायला पाहिजे.

तसं माणूस होतं एक. सासऱ्यांची थोरली बहीण. सगळा गोतावळा तिला अक्का म्हणतो. अक्कलकोटच्या पुढं एका खेड्यात शेत करून राहायच्या. सासऱ्यांची आई ते लहान असतानाच गेली, त्यांना अक्कांनीच वाढवलं. अख्ख्या जगात सासरे घाबरायचे ते एकट्या अक्कांना. भावाच्या घरी त्या किती वर्षांत आल्या नव्हत्या. का, ते मला नात्यातल्या एका लग्नात कळलं. मांडवात मी त्यांच्या शेजारी बसले होते. तोंडात एकही दात नाही, पण भूक शाबूत. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, तीनदा मागून घेतली. मी वाढपी बोलावून अजून घालायला लावली तशी त्या माझ्याकडं वळल्या. "तम्माची सून न्हवं तू?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, सासऱ्यांना त्या अजून तेच म्हणतात. मी हो म्हटलं. माझं मनगट दोन बोटांत धरून त्यांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "वाळलीस गं. तुमच्यात यायचं म्हंजे उपासच की. म्हनून मी येत न्हाय."

जेवून उठताना त्यांचा पाय मांडवाच्या दोरीत अडकला. दोरी दिसलीच नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि लेक, सून कुणालाही त्यांना शहरात न्यायला सवड नव्हती. मी घरी येऊन सगळ्यांच्या देखत सासऱ्यांना म्हटलं, "मामा, अक्कांचं ऑपरेशन आपण करू. इथंच राहतील त्या, मी बघते सगळं." सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या की आजकाल अशी सून मिळत नाही. मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

अक्कांना आणायला मी स्वतः गेले. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "खरं सांग. माझं डोळं दाखवाय न्हेतीस का तम्माला माझं प्वॉट दाखवाय?" मी खिडकीची काच खाली केली. त्या खुदखुदून हसल्या आणि गाडी सोलापुरात शिरेपर्यंत अधूनमधून हसतच होत्या.

पहिलं जेवण मला अजून पाठ आहे. सासऱ्यांनी भाकरी संपवली, सवयीनं तांब्याला हात घातला. अक्कांनी दुधात कुस्करलेली भाकरी नुकती कुठं भिजायला ठेवली होती. दात नसल्यामुळं ती भिजून मऊ होईपर्यंत त्या थांबायच्या, आणि तोवर बोलायच्या. पाण्याचा आवाज ऐकून म्हणाल्या, "तम्मा, मी जेवतीय न्हवं?" सासऱ्यांनी तांब्या खाली ठेवला. मग अक्का म्हणाल्या, "कुतको, बस खाली. मी उटल्याबिगर उटायचं न्हाय, ही रीत मीच लावली की तुला." सासरे रिकाम्या ताटासमोर बसून राहिले. अक्कांना अंधुक दिसत होतं, पण रिकामं ताट बरोबर दिसलं. "सूनबाई, ह्याचं ताट कोरडं का? थोरलं जेवतंय आन धाकटं कोरड्या ताटावर, हे बरं दिसतंय व्हय? वाढ त्याला."

मी वाढलं. आईच्या पद्धतीनं, पाठीमागून.

ताटात काही टाकायचं नाही, हा तर सासऱ्यांचा स्वतःचाच नियम. कणसुद्धा वाया जायला नको. त्यामुळं मी घातलेलं सगळं त्यांना संपवावं लागायचं. पहिल्या दिवशी दोन भाकरी झाल्या. दुसऱ्या दिवशी मी पिठाचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतला. सासूबाई काय बोलणार? अक्कांच्या पाहुणचारात हात आखडता घेतला असं त्यांना नात्यात ऐकून घ्यायचं नव्हतं. अक्का तासभर जेवायच्या. सासरे तासभर बसायचे. अक्का सासऱ्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायच्या, त्यांनी ज्वारीच्या कणसांची चोरी कशी केली, कसा मार खाल्ला, आणि गोष्ट रंगात आली की माझा हात चालायचा. वांग्याची भाजी, वर तेलाचा तवंग. झुणका. दही. सासऱ्यांच्या कपाळावर घाम यायचा. "पुरे," ते म्हणायचे. मी ऐकू न आल्यासारखं करायचे. अक्का म्हणायच्या, "घाल गं, लाजतंय ते."

मला मजा येत होती. इतकी मजा मला त्या घरात आधी कधी आली नव्हती. मी स्वतःही तीन भाकरी खायला लागले, बोलत बोलत, पाणी पीत. नवऱ्याचं गाड्यावर जाणं आपोआप बंद झालं. एकदा मी वळून बघितलं तर सासूबाई दुसरी भाकरी मोडत होत्या, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं, पदराआड. इतकी वर्षं त्याही भुकेल्याच उठत होत्या, हे तेव्हा मला समजलं. पण मला त्यांची कीव आली नाही. भूक काय असते हे ज्या बाईला माहीत होतं, तिनंच माझ्या बापासमोर झाकण ठेवलं होतं.

अक्कांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि मी आप्पांना बोलावलं. रविवारी या म्हटलं, दुपारी, जेवायलाच. आदल्या दिवशी दाणे भाजून कुटून ठेवले. शेंगापोळ्या केल्या, तुपात न्हालेल्या. शिवाय भरली वांगी, कडक भाकरी, आमटी, ताक. आप्पांचा पाट मी सासऱ्यांच्या बरोबर समोर मांडला. मधे अक्का.

आप्पा बसले. अक्कांची आणि त्यांची लगेच गट्टी जमली, निम्मं कानडी, निम्मं मराठी. दोघांना कोणती तरी जुनी जत्रा आठवत होती. सासऱ्यांनी एक पोळी संपवली आणि खरं सांगते, इतके दिवस होऊनही त्यांचा हात तांब्याकडं गेला. अक्कांना आता स्पष्ट दिसत होतं. त्यांनी सासऱ्यांचं मनगट धरलं.

"पाव्हणं जेवतंय," त्या म्हणाल्या.

"अक्का, माझं झालं."

"तुझं झालं आसंल. पाव्हण्याचं झालंय का? व्याही घास खातोय आन तू ताटात पानी वततूस? कुणी शिकवलं तुला हे? म्या तर न्हाय शिकवलं."

 सासऱ्यांचा चेहरा काळवंडला. माझ्या वडिलांच्या समोर, बायकोसमोर, मुलासमोर, सुनेसमोर, त्या वयाच्या माणसाला पोरासारखं धरून बसवलं होतं. मी शेंगापोळी घेऊन पुढं झाले. एक घातली. वर तूप. "घ्या की मामा, आप्पांना एकट्यानं खायला बरं वाटणार नाही." ती संपत आली तशी दुसरी. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, पहिल्या दिवसापासून, असं मला त्या नजरेत दिसलं, आणि ते कळलं म्हणून मला अधिकच बरं वाटलं. वरून तूप असलं तरी पोळी आतून कोरडी असते, घशाखाली उतरत नाही. ते एकेक तुकडा ताकाबरोबर ढकलत होते. मी तिसरी घातली.

अक्का उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. सासरे भिंतीला धरून उठले.

आप्पांना रिक्षापर्यंत पोचवायला मी कोपऱ्यावर गेले. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. म्हटलं, "आप्पा, आज तरी पोटभर जेवलात ना?"

"जेवलो की."

ते इतक्या पटकन म्हणाले की मी थांबले. त्यांच्या ताटात काय काय गेलं हे आठवायला लागले. दीड पोळी. भाकरीला नको म्हणाले होते. मी सासऱ्यांच्या ताटाकडं बघत होते.

"खरं सांगा."

आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. "स्टँडवर उतारलो की पुरी-भाजी खाल्ली. मग आलो तुझ्याकडं."

"आज? मी जेवायला बोलावलं होतं ना?"

"आजचं काय, दर बारीलाच खाऊन येतो. पयल्या बारीनंतरचं ठरलंयच माझं." मग म्हणाले, "तू मला वाढताना आदी सासूच्या तोंडाकडं बघतीस. भाकरी उचलायच्या आदी. मला ते बघवत न्हाय. म्हटलं, आपल्या पोटापायी पोरीनं कशाला कुणाचं तोंड बघावं?"

रिक्षा आली, ते बसून गेले. मी तिथंच उभी होते. माझा नवरा बाहेर खाऊन घरी यायला शिकला होता, आणि आता माझा बापही त्या घरची रीत शिकला होता. एवढी पंगत मांडली, अक्का आणल्या, सासऱ्यांना तासभर भाजून काढलं, आणि ज्याच्यासाठी हे केलं तो माणूस भरल्या पोटानं बसला होता, मला त्रास नको म्हणून. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, तळपायापासून.

घरी आले तर सासरे दिवाणावर आडवे, तोंडात ओवा. सासूबाई म्हणाल्या, "यांना रात्री जेवायला नको म्हणतात." मी म्हटलं, "अक्का बसणार आहेत." आतून अक्कांचा आवाज आलाच, "तम्मा, येतूस न्हवं?" ते आले. पाटावर बसताना त्यांनी माझ्याकडं बघून, त्या घरात पहिल्यांदाच, विनंतीच्या सुरात म्हटलं, "थोडंच घाल गं." मी तव्यावरची गरम भाकरी घातली. अख्खी.

अक्का आता जायचं म्हणत होत्या. मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडं नेलं. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, पण डॉक्टर म्हणाले, एवढी घाई नाही, काही महिने थांबलं तरी चालेल. मी म्हटलं, थांबू की. तोपर्यंत अक्का आमच्याकडंच राहतील. अक्कांनी बाहेर येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला.

घरी पोचल्यावर मी दिवाणखान्यात उभी राहून आप्पांना फोन लावला. सासरे तिथंच पेपर वाचत होते, सासूबाई ताटं पुसत होत्या. मी आवाज खाली केला नाही.

"आप्पा, पुढच्या रविवारी या. आणि स्टँडवर चहासुद्धा घ्यायचा नाही. खाऊन आलात तर दारातनंच परत पाठवीन."

 पलीकडून आप्पा हळू आवाजात म्हणाले, "आगं, तुझी सासू..."

"तिच्या तोंडाकडं मी आता बघत नाही, आप्पा," मी म्हणाले. "तुम्ही उपाशी या."